चेसिसमधली खाडी

जूनचा पहिला आठवडा. पाऊस नीट लागला नव्हता, पण हवा अशी दमट की सकाळी पुसून ठेवलेल्या पान्यावर दुपारपर्यंत तांबूस झाक यावी. माझं गॅरेज नवी मुंबईत, रबाळे एमआयडीसीत आहे. चेसिस, म्हणजे गाडीचा पोकळ लोखंडी सांगाडा, त्याचं आणि बॉडीचं काम. अकराच्या सुमारास दिवाळे कोळीवाड्यातले एक काका त्यांची जुनी फोर बाय फोर जीप घेऊन आले. तक्रार एवढीच, की मागून खट्ट वाजतंय.

"पाट्याच्या स्प्रिंगचं बुश गेलं असेल. बदलून दे, संध्याकाळी गाडी पाहिजे. उद्या पोरांना घेऊन अलिबागला जायचंय."

ही जीप मला ऐकून माहीत होती. आपल्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारीची बंदी असते. त्याआधी, मेच्या शेवटच्या आठवड्यात, काकांची जीप भावकीतल्या लहान होड्या वर ओढायला लागते. गाडी उलटी घ्यायची, मागची चाकं पाण्यात उतरवायची, दोर बांधायचा आणि लो गिअर टाकून हळूहळू ओढायचं. वर्षानुवर्षं हे चाललेलं.

लिफ्टवर घेतली तर खालून गाडी काळीभोर, तुकतुकीत. काका कौतुकाने म्हणाले, "दोन वर्षांपूर्वी गंज लागू नये म्हणून अंडरकोटिंग करून घेतलंय. पाच वर्षांची गॅरंटी आहे." कुठे केलं ते त्यांनी सांगितलं; इथे त्या दुकानाचं नाव घेत नाही. रबरासारखा जाड थर होता, वरून बघणाऱ्याला एक डाग दिसला नसता.

मी हातोडी घेतली. चेसिसवर पुढून मागे ठोकत जायची सवय मला माझ्या उस्तादांनी लावली. पुढे ठण, ठण. मध्ये, ट्रान्सफर केसच्या जवळ, ठण. मागच्या चाकाच्या वर आलो आणि आवाज बदलला. थप. ओल्या पुठ्ठ्यावर मारल्यासारखा. तिथे स्क्रू ड्रायव्हर टेकवून तळहाताने जरा दाबला, तर तो मुठीपर्यंत आत गेला.

काका खालीच उभे होते. काही बोलले नाहीत.

कोटिंगचा थर पट्टीने उचलला तसा तो चामड्यासारखा सलग निघून आला आणि त्याच्या आतल्या बाजूला लोखंड चिकटून आलं. खारी बिस्किटासारखे पापुद्रे. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, म्हणून तो फुगतो आणि थरावर थर सुटत जातात. पाट्याचं टोक चेसिसला जोडणारा दुवा, म्हणजे शॅकल, जिथे चेसिसला धरतो, तिथला पत्रा जवळजवळ उरलाच नव्हता. खट्ट आवाज बुशचा नव्हता, शॅकलचा ब्रॅकेट फाटक्या पत्र्यात हलत होता.

चेसिसला खालून भोकं असतात, आत गेलेलं पाणी वाहून जावं म्हणून. ती सगळी त्या काळ्या थराखाली बुजलेली. गॅरेजमधल्या पोराला सांगितलं, एक भोक मोकळं कर. त्याने ड्रिल लावलं, आणि आधी थेंब-थेंब पाणी, मग काळा गाळ, गाळात दोन-तीन बारीक शिंपले. सगळ्या गॅरेजमध्ये खाडीचा वास पसरला. इतकी वर्षं हे काम करतोय, पण लोखंडाच्या पोटातून खाडी बाहेर येताना मी पहिल्यांदाच पाहिली.

समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं. खाडीत पावसाळ्यात ते पातळ होतं, पण मे अखेरीस वरून गोडं पाणी फारसं येतच नाही. पाणी वाळतं, मीठ राहतं. पावसाळ्यात स्वयंपाकघरातल्या मिठाच्या बरणीला पाणी सुटतं ना, तेच चेसिसच्या आत होतं. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलंच पाणी ओढून घेतं. म्हणजे गाडी छपराखाली उभी असली तरी आतून ओलीच. त्यात गाळ, आणि बाहेर पडायची वाट बंद.

मी म्हणालो, "काका, गाडी आज सोडणार नाही."

ते चिडले. "गाडी माझी आहे. अलिबागहून आल्यावर टाकतो कामाला."

वाद घातला नाही. त्यांचं बोट धरून मागच्या ब्रेकच्या पाइपवर ठेवलं आणि पोराला पेडल जोरात दाबायला सांगितलं. बोट ओलं झालं. त्या पाइपवरही कोटिंग मारलेलं होतं, आणि त्याच्या खाली गंजाने सुईच्या टोकाएवढं छिद्र पाडलं होतं. ठाणे-बेलापूर रोडने, ट्रकांच्या मधून, ते या ब्रेकवर आले होते.

काका स्टुलावर बसले. थोड्या वेळाने म्हणाले, "मी पैसे दिले होते रे. चांगले मोजून दिले होते."

मला त्यांचा राग आला नाही, त्या काम करणाऱ्याचा आला. गंजावर कोटिंग मारणं हा आळस नाही, ती फसवणूक आहे. मी काकांना विचारलं, "होडी वर ओढल्यावर तळाला रंग मारता, तर आधी काय करता?"

"खरवडतो. सगळे शिंपले काढतो, गोड्या पाण्याने धुतो, वाळवतो. मग रंग."

"मग जीपलाही तसंच करायला हवं होतं."

त्यांनी घरी फोन लावून अलिबाग रद्द केलं.

पुढचे नऊ दिवस जीप आमच्याकडे. डिझेलची टाकी उतरवली, बॅटरीच्या तारा सोडल्या, मगच वेल्डिंगला हात लावला. सडलेला भाग चांगलं लोखंड लागेपर्यंत कापला, तेवढ्याच जाडीचा पत्रा घालून सीओटू वायूच्या वेल्डिंगने जोडला. ब्रेकचे पाइप सगळे नवे. चेसिसच्या आत नळी घालून गोडं पाणी सोडलं, ते स्वच्छ बाहेर येईपर्यंत, आणि त्यात अर्धा दिवस गेला. पंख्यासमोर दोन दिवस वाळवली. बाहेरून वायर ब्रश, ग्राइंडर. खाचाखोचांत उरलेल्या पातळ गंजावर फॉस्फरिक ॲसिडवालं कन्व्हर्टर लावलं. ते गंजाला काळ्या टणक थरात बदलतं, पण पापुद्रे सुटलेल्या जागी ते कामाचं नाही, तिथे खरवडायलाच लागतं. उघड्या धातूवर जस्ताचा प्रायमर मारला. जस्त लोखंडाच्या आधी स्वतः झिजतं, ओरखडा गेला तरी काही काळ लोखंडाला सांभाळतं. त्यावर इपॉक्सी रंग. आणि आतल्या पोकळीत लांब नळीने मेण फवारलं, जे सांध्यांत झिरपतं आणि कडक होऊन तडकत नाही. भोकं मात्र एकूण एक उघडी ठेवली.

न्यायला आले तेव्हा काकांनी आधी हातोडी मागितली. लिफ्टखाली जाऊन पुढून मागे स्वतः ठोकत गेले, मान तिरकी करून. मागच्या चाकाच्या वर दोनदा जास्त ठोकलं.

मी त्यांना पाण्याच्या पाइपला लावायची एक बारीक नळी दिली आणि कुठल्या भोकातून घालायची ते दाखवलं. होडी ओढली की त्याच दिवशी, गाळ ओला असतानाच. निघताना त्यांची नजर कोपऱ्यातल्या भंगारावर गेली. चेसिसचा कापलेला तुकडा त्यांनी उचलला, पेपरात गुंडाळला आणि सीटखाली ठेवला. "आमच्याकडे अजून दोघांच्या जीपा आहेत," म्हणाले, "त्यांना दाखवतो."