अॅक्शन कॅमेरा वेबकॅम म्हणून वापरताय? मग तो तोंडावर नाही, हातावर लावा

ऑनलाइन तबला शिकवणाऱ्या सगळ्यांना माझं एकच सांगणं आहे, लॅपटॉपचा कॅमेरा फक्त तोंड दाखवतो आणि आपली विद्या हातात असते. मुलाचा "ना" हा बोल नीट वाजत नसेल तर अनामिका शाईच्या (मधल्या काळ्या गोलाच्या) कडेला टेकलीये का, तर्जनी चाटेवर (बाहेरच्या कडेच्या पट्टीवर) नेमकी कुठे पडतेय हे त्याला दिसायला हवं, नुसतं सांगून नाही होत ते. लॅपटॉप वाकवून तबला फ्रेममध्ये आणला तर डग्गा बाहेर जातो, दोन्ही घ्यायचे म्हणून मागे सरकलं तर बोटं मुंगीएवढी.

म्हणून ट्रेकसाठी घेतलेला आणि कपाटात पडून असलेला गोप्रो हिरो ८ हा अॅक्शन कॅमेरा बाहेर काढला. २०२० च्या जुलैमध्ये, लॉकडाऊनमध्ये सगळे वेबकॅम शोधत होते तेव्हा, गोप्रोने या मॉडेलसाठी वेबकॅमचं सॉफ्टवेअर आणलं, आधी मॅकला आणि नंतर विंडोजला. ते टाकायचं, बाजूचं झाकण काढून यूएसबी सी केबल लावायची आणि झूममध्ये कॅमेऱ्यांच्या यादीत गोप्रो निवडायचा. केबल मात्र डेटावाली हवी, नुसत्या चार्जिंगच्या केबलवर कॅमेरा चार्ज होतो आणि लॅपटॉपला दिसतच नाही. हिरो ७ किंवा त्याआधीचा असेल तर एचडीएमआय कॅप्चर कार्ड (कॅमेऱ्याचं चित्र लॅपटॉपमध्ये घेणारं उपकरण) लागतं, ते थोडं लफडं आहे.

कॅमेरा माईकच्या बूम स्टँडवर लावून वरून खाली तोंड करून ठेवायचा, तबला आणि डग्गा दोन्ही आणि मनगटापर्यंत हात येतील इतक्या उंचीवर. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये दृश्य वाईड ठेवू नका, कडेला सगळं वाकतं आणि शाई अंड्यासारखी लांबट दिसते, लिनिअर ठेवा म्हणजे गोल ते गोलच राहतं. चित्र उलटं आलं तर झूमच्या व्हिडिओ सेटिंगमध्ये रोटेटचं बटण आहे. फोकस फिक्स असतो हे मला फार आवडतं, हात भराभर हलले तरी वेबकॅमसारखं मधेच धूसर-स्पष्ट होत बसत नाही. उजेड मात्र भरपूर हवा, सेन्सर छोटा आहे, ट्यूबलाइटच्या अंधुक प्रकाशात "धिरधिर"सारखा जलद बोल वाजवला तर पंजाचा नुसता ढग दिसतो, मी बाजूला एक एलईडी दिवा लावतो आणि सावली डग्ग्यावर पडणार नाही एवढं बघतो.

आता आवाज. वेबकॅम मोडमध्ये गोप्रोचा माईक चालत नाही, आवाज वेगळ्या माईकवरूनच द्यावा लागतो, आणि झूमला तबला म्हणजे गोंगाट वाटतो त्यामुळे तो डग्ग्याची गूंज खाऊन टाकतो. झूममधलं "ओरिजिनल साउंड फॉर म्युझिशियन्स" चालू करा, फरक लगेच कळतो. दुसरं म्हणजे कॅमेऱ्याचं चित्र आवाजाच्या किंचित मागे येतं, गप्पांमध्ये कोणाच्या लक्षातही येणार नाही पण तबल्यात थाप आधी ऐकू येते आणि बोट नंतर पडतं, मुलं गोंधळतात. हे ओबीएस नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये सुटतं, तिथे माईकला थोडा उशीर देता येतो, टाळी वाजवून बघत बघत आकडा जुळवायचा आणि मग तोच आवाज झूमला पाठवायचा.

रिझोल्युशन ७२० वर ठेवलंय, कॉलवर त्याहून जास्त क्वचितच पोचतं आणि कॅमेराही कमी तापतो. फोन का नाही वापरत असं एका विद्यार्थ्याच्या आईने विचारलं (ते लोक न्यू जर्सीला असतात), तर फोनवर लेहरा (तबल्याच्या साथीला सतत वाजणारी धून) चालू असतो, तो काढून कसं चालेल!

एवढं करूनही एकत्र वाजवणं जमत नाही, ते कॅमेऱ्याच्या हातात नाही, नेटवर आवाज जायला-यायला जो वेळ लागतो त्यात लय टिकत नाही. म्हणून मी आधी वाजवून दाखवतो, मग माझा माईक बंद, मुलगा हाताने ताल धरून कायदा (तबल्याची एक रचना) तोंडाने म्हणतो आणि मग एकटा वाजवतो. त्याच्याकडेही वरून कॅमेरा असेल तर फारच छान, पण तिथे साधा फोनसुद्धा चालतो, एक स्टँड तेवढा घ्यायला सांगा. हार्मोनियमवाले कोणी असं करत असतील तर भाता आणि पट्ट्या एकाच फ्रेममध्ये कशा घेता ते नक्की लिहा, माझ्या एका मित्राला सुरू करायचंय.