मित्राला फक्त पगडी

घरी पहिल्यांदा आलेला पाहुणा पाण्याचा पेला हातात घेऊन जुन्या ब्रिटिश व्यंगचित्रांच्या भिंतीपाशी जातो, चष्मा वर-खाली करतो आणि विचारतो, "ज्यांनी आपल्यावर राज्य केलं, त्यांनीच काढलेली ही टिंगल. ती पैसे देऊन घेता आणि वर फ्रेम करून लावता?" काही जण इतकं सरळ बोलत नाहीत. ते म्हणतात, "जागा दुसरी नव्हती का?" प्रश्न तोच. परवा तुम्हीही विचारलंत आणि तेवढ्यात चहा आला म्हणून उत्तर राहून गेलं.

ठरवून काहीच झालं नाही. फोर्टात फ्लोरा फाउंटनजवळच्या फूटपाथवर जुन्या पुस्तकांचे ढीग लागायचे, तेव्हाची गोष्ट. लंडनच्या 'पंच' या विनोदी साप्ताहिकाचा १८७८चा सहामाही बांधीव खंड दिसला. पुठ्ठे गेलेले, कडा कसरीनं खाल्लेल्या. विक्रेत्यानं तो हातावर जोखला आणि रद्दीपेक्षा थोडा जास्त भाव सांगितला. लोकलमध्ये उघडला तर ३० नोव्हेंबरच्या अंकातलं व्यंगचित्रकार जॉन टेनिएलचं चित्र समोर आलं. मध्ये अफगाणिस्तानचा अमीर शेर अली, एका अंगाला रशियाचं अस्वल, दुसऱ्या अंगाला ब्रिटिश सिंह. मथळ्याचा अर्थ, 'माझ्या मित्रांपासून मला वाचवा!' नऊच दिवस आधी, २१ नोव्हेंबरला, यातल्या एका मित्राच्या, म्हणजे ब्रिटिशांच्या, फौजा अफगाणिस्तानात घुसल्या होत्या आणि पुढच्या फेब्रुवारीत शेर अली वारलासुद्धा. माझं दादर मागे पडलं ते माटुंग्याला कळलं.

त्या दिवसापासून मी अशा चित्रांत एकच गोष्ट शोधतो: कंपनीचे आणि राणीचे इथले दोस्त कुठे दिसतात का? संस्थानिक, नवाब, फौजेसकट मदतीला धावलेले सरदार. आणि माझं उत्तर इथेच आहे. ही चित्रं मी घेतो ती त्यांत कोण नाही हे बघायला.

इंग्रज व्यंगचित्रकार जेम्स गिलरेचं १७९१चं चित्र घ्या. ते माझ्याकडे नाही, माझ्या खिशाबाहेरचं आहे. संग्रहालयाच्या डिजिटल प्रतीवर भागवतो. विषय टिपूच्या राजधानीहून, श्रीरंगपट्टणहून, गव्हर्नर जनरल लॉर्ड कॉर्नवॉलिसनं घेतलेली माघार. मथळ्यात 'मान्सून' आला आहे, पण चित्रातला पाऊस ढगातून पडत नाही. टिपू सुलतान तटावर उभा राहून पळणाऱ्या इंग्रजांवर चक्क मुततोय. (हे सांगताना समोर काकू बसल्या असतील तर मी 'अभिषेक' म्हणतो.) गिलरेनं हिंदुस्थान कधी पाहिला नव्हता, पण त्याचा टिपू अंगापिंडानं भरलेला आहे, मजेत आहे. आता माघार घेतलेल्या त्या फौजेला कोण भेटलं? पेशव्यांचे सरदार हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन. कंपनीचे बैल मेले होते, दाणागोटा संपला होता, वेढ्याच्या अवजड तोफा कॉर्नवॉलिसला स्वतःच निकामी कराव्या लागल्या होत्या. मराठ्यांच्या छावणीतल्या बाजारानं त्यांना धान्य दिलं, तेही चढ्या भावानं. पुढच्या वर्षी याच दोस्तांच्या आणि निजामाच्या साथीनं टिपूला अर्धं राज्य सोडायला लावलं. मी पडद्यावर चित्र मोठं करकरून बघितलं. मराठा मला एकही सापडला नाही.

टेनिएलचं २२ ऑगस्ट १८५७चं चित्र तुम्ही शाळेच्या पुस्तकात पाहिलं असेल: ब्रिटिश सिंह बंगालच्या वाघावर झेप घेतोय. बंड करणाऱ्याला निदान वाघ होता आलं. ग्वाल्हेरचे जयाजीराव शिंदे आणि हैदराबादचे दिवाण सालारजंग त्या वादळात इंग्रजांच्या बाजूनं उभे राहिले, त्यांच्या वाट्याला त्या पानात मांजरही नाही.

माझ्या भिंतीवर मधोमध आहे ते १५ एप्रिल १८७६चं. अल्लाउद्दीनच्या गोष्टीतला जादूगार जुन्या दिव्याच्या बदल्यात नवा देतो ना, तसा पंतप्रधान डिझरेली राणी व्हिक्टोरियाला जुन्या मुकुटाच्या बदल्यात सम्राज्ञीचा नवा मुकुट देऊ करतोय. डिझरेली पौर्वात्य फेरीवाल्याच्या वेशात. म्हणजे ज्या देशाची ती सम्राज्ञी होणार, त्या देशाचा चित्रात फक्त वेश, आणि तोही इंग्रजाच्या अंगावर! पुढे १ जानेवारी १८७७ला दिल्लीत दरबार भरला, राजेरजवाड्यांना रेशमी निशाणं वाटली गेली. त्याच दरबाराला पुण्याच्या सार्वजनिक सभेतर्फे गणेश वासुदेव जोशी, आपले सार्वजनिक काका, साध्या खादीत गेले आणि हिंदी प्रजेला ब्रिटिश प्रजेच्या बरोबरीचे हक्क मागितले. त्या खादीवर कोणी व्यंगचित्र काढलं असेल, या आशेवर मी इतकी वर्षं पानं उलटतोय.

दरबारांच्या इतर पानांत संस्थानिक येतात, नाही असं नाही. पण माझ्याकडच्या चित्रांत ते बहुतेक रांगेनं येतात. हत्ती, छत्री, शिरपेच. कोल्हापूर कुठलं आणि काठियावाड कुठलं, ओळखून दाखवा. मी हरलो. माझ्याकडच्या चित्रांबाहेरचा एक अपवाद: लंडनच्याच 'व्हॅनिटी फेअर' साप्ताहिकानं १८९७मध्ये छापलेले रणजितसिंहजी. रंगीत शिळाछाप, नीट ओळखू येणारा चेहरा. पण तेव्हा ते नवानगरचे जाम, म्हणजे राजे, झाले नव्हते, इंग्लंडकडून क्रिकेट खेळत होते. ते चित्र मला हवं आहे, पण लिलावात क्रिकेटवेडे भाव चढवतात आणि मी दुसऱ्या बोलीलाच गळतो.

फसलोही आहे. परदेशी विक्रेत्याकडून 'मूळ रंगीत' म्हणून 'पंच'ची दोन पानं मागवली. त्या काळी 'पंच'ची चित्रं लाकडी ठशांवरून काळ्या शाईत छापली जायची. रंग कोणीतरी नंतर फासला होता. हे मला ठाऊक होतं, तरी मोह झाला. ती पानं कपाटात उलटी ठेवली आहेत.

आणि हो, आपल्याकडच्यांनीही काढलंच की. मुंबईत १८५४पासून 'पारशी पंच' निघायचं, त्याचंच पुढे 'हिंदी पंच' झालं. इथे हिंदी म्हणजे भाषा नव्हे, हिंदुस्थानातलं, ओळी इंग्रजी-गुजरातीत. सूर मवाळ, पण त्यातलं नेहमीचं पात्र, पंचोबा, साहेबाकडे बघतं तेव्हा मान वर असते. माझ्याकडे त्याची चारच सुटी पानं आहेत. तुमच्या माळ्यावर आजोबांची जुनी ट्रंक असेल, तर रद्दीवाल्याला बोलवायच्या आधी एकदा उघडून बघा. पान मिळालंच, तर मला दिलं नाहीत तरी चालेल, फक्त लॅमिनेट करू नका.