केस आहेत तेवढे राहू देत

विशीत केस विरळ व्हायला लागले की पोरं आधी कारणं शोधतात. पाणी जड आहे, हेल्मेट घालतो ना रोज, जागरणं फार झाली, परीक्षेचं टेन्शन होतं, तो नवीन शाम्पू सूट झाला नाही... सगळी कारणं कशी, तर उद्यापासून बंद करता येतील अशी. खरं कारण बहुतेक वेळा डीएचटी नावाचं हार्मोन असतं आणि ते बंद करता येत नाही, फार फार तर कमी करता येतं, म्हणून ते कुणालाच आवडत नाही. चोविसाव्या वर्षी डॉक्टरांनी मला सांगितलं तेव्हा मलाही आवडलं नव्हतं. आता औषधं घेऊन बराच काळ झालाय आणि मित्र, मित्रांचे धाकटे भाऊ, ओळखीचे-बिनओळखीचे सगळे मेसेज करून तेच तेच विचारतात, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो. मी डॉक्टर नाही, पेशंट आहे, तेवढं लक्षात ठेवून वाचा.

तर डीएचटी म्हणजे डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन. आपल्या अंगात टेस्टोस्टेरॉन असतंच, ५-अल्फा रिडक्टेज नावाचं एन्झाइम त्यातल्या थोड्या भागाचं डीएचटी करतं, आणि ज्यांच्या केसांच्या मुळांना हे सोसत नाही त्यांचे केस जातात. म्हणजे टक्कल पडणाऱ्याच्या अंगात पुरुषी हार्मोन जास्त असतं वगैरे जे म्हणतात ते काही खरं नाही, हार्मोन सगळ्यांसारखंच असतं, फक्त मुळं जास्त सेन्सिटिव्ह असतात आणि ते घराण्यातून येतं. आईकडून येतं की बाबांकडून यावर लोक तासन्‌तास भांडतात. दोन्हीकडून येऊ शकतं. मामाचे केस दाट आहेत म्हणून निर्धास्त राहू नका.

हे हार्मोनचं प्रकरण पहिल्यांदा नीट दाखवलं ते जेम्स हॅमिल्टन या अमेरिकन शास्त्रज्ञाने, १९४२ साली. वयात यायच्या आधीच अंडकोष गेलेल्या पुरुषांना टक्कल पडत नाही हे त्याने बघितलं, आणि त्यांनाच टेस्टोस्टेरॉन दिलं तर ज्यांच्या घरात टक्कल आहे त्यांचे केस जायला लागतात हेही बघितलं. टकलाच्या पायऱ्यांचा तक्ता पण मुळात त्याचाच, पुढे १९७५ मध्ये नॉरवुड या डॉक्टरने तो सुधारला. डॉक्टर 'नॉरवुड थ्री' वगैरे म्हणतात ते हेच, एकूण ७ पायऱ्या आहेत.

आता एक गोष्ट जी मला आधी माहीतच नव्हती आणि कळल्यावर सगळं डोक्यात बसलं. या प्रकारात केस 'गळून' टक्कल पडत नाही. रोज ५० ते १०० केस कुणाचेही पडतात, दाट केसवाल्यांचेही. केस २ ते ६ वर्षं वाढतो, मग साधारण ३ महिने नुसता बसून राहतो, पडतो, आणि त्याच जागी नवा येतो. आपल्या बाबतीत घोळ हा होतो की नवा येणारा केस आधीच्यापेक्षा बारीक असतो आणि कमी काळ वाढतो, पुढच्या फेरीत आणखी बारीक, आणि शेवटी नुसती लव उरते. कपाळाच्या कोपऱ्याजवळ दोन बोटांत थोडे केस धरून उजेडाकडे बघा. त्यात काही केस नेहमीसारखे जाड, काळे असतील आणि मध्ये मध्ये आखूड, तपकिरी झाक असलेले, टोकाकडे निमुळते होत गेलेले. कधी कात्री लागलीच नाही कारण तेवढे वाढलेच नाहीत. म्हणून बाथरूमच्या जाळीतले केस मोजत बसण्याला काही अर्थ नाही, किती पडले यापेक्षा परत कसे आले ते महत्त्वाचं.

डॉक्टरांकडे जा म्हणतो ते याचसाठी. त्वचारोगतज्ज्ञ, हेअर क्लिनिकचा काउन्सेलर नव्हे, आणि मोबाइलवर पाच प्रश्नांची उत्तरं घेऊन घरी खोका पाठवणारे तर अजिबात नव्हेत. माझ्या डॉक्टरांनी आधी साधारण पन्नास-साठ केसांची बट चिमटीत धरून मुळापासून टोकापर्यंत हळू ओढली आणि हातात किती आले ते बघितलं (जेमतेम दोन आले, मला उगाच बरं वाटलं, पण ते म्हणाले याचा अर्थ तुझा प्रॉब्लेम गळतीचा नाही, वेगळा आहे), मग एक भिंगवाला छोटा कॅमेरा आधी टाळूवर आणि मग डोक्याच्या मागच्या बाजूला टेकवला. स्क्रीनवर मागचे केस सगळे एका जाडीचे, एकेका छिद्रातून दोन-दोन तीन-तीन आलेले. टाळूवर जाड-बारीक-जाड-बारीक आणि बऱ्याच छिद्रांत एकटाच केस. वाद घालायला काही उरलंच नाही.

दुसरी कारणंही असतात हां. मोठा ताप, ऑपरेशन, क्रॅश डाएट यानंतर दोन-तीन महिन्यांनी ढिगाने केस जातात आणि बहुतेक वेळा ते आपोआप परत येतात. नाण्याएवढी गोल, गुळगुळीत जागा झाली तर तो वेगळाच आजार, त्यात शरीराची प्रतिकारशक्तीच केसांवर उठते. थायरॉइड, लोह कमी असणं हे रक्त तपासून कळतं. याची ट्रीटमेंट त्याला चालत नाही, म्हणून आधी नाव कळू द्या.

आपल्या या घराण्यातून येणाऱ्या टकलावर औषधं खरं तर दोनच, बाकी सगळा पसारा आहे.

पहिलं मिनॉक्सिडिल. हे मुळात ब्लडप्रेशरची गोळी म्हणून आलं, आणि ती घेणाऱ्यांना कपाळावर, हातावर, नको तिथे केस यायला लागले. मग कुणाच्या तरी डोक्यात आलं की हेच डोक्याला लावून बघू. अमेरिकेत १९८८ मध्ये २ टक्क्यांच्या द्रावणाला परवानगी मिळाली, आता पुरुष साधारण ५ टक्क्यांचं वापरतात, १ मिली, दिवसातून दोनदा. लावायची पद्धत कुणी सांगत नाही, म्हणून मी सांगतो. केस कोरडे पाहिजेत. भांग पाडायचा आणि ड्रॉपरचं टोक केसांवर नाही तर कातडीवर टेकवून थोडं थोडं सोडायचं, बोटाने पसरायचं, मग शेजारी दुसरा भांग. सगळं एकदम ओतलं तर ओघळ कपाळावर येतो, तो लगेच पुसा नाहीतर तिथे लव उगवते. वाळल्यावर केस चिकट, कडक होतात, त्यावर जेल-बिल लावायची गरजच उरत नाही. हात धुवा. झोपायच्या दोन-चार तास आधी लावा म्हणजे उशीला लागत नाही. आणि घरात मांजर असेल तर डॉक्टरांना आणि मांजराच्या डॉक्टरांना दोघांनाही विचारा, कारण हे औषध मांजरांसाठी विषारी आहे, उशी चाटली, डोकं चाटलं तरी जिवावर बेतू शकतं. हे बाटलीवर मोठ्या अक्षरात का लिहीत नाहीत देव जाणे. काहींची कातडी खाजते, ते बरेचदा द्रावणातल्या प्रॉपिलीन ग्लायकॉलमुळे असतं, त्यांना फोम चालून जातो.

आणि सुरुवातीच्या काही आठवड्यांत केस जास्त पडतात! बसून राहिलेले जुने केस औषधाने लवकर सुटतात म्हणून. बरेच लोक इथेच बाटली फेकतात.

दुसरं फिनास्टेराइड, रोज १ मिलिग्रॅमची गोळी. याची गोष्ट मला फार आवडते. डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये काही घराण्यांत मुलं जन्मताना मुलीसारखी दिसायची आणि वयात येताना त्यांची शरीरं पुरुषासारखी व्हायची. १९७० च्या दशकात संशोधकांना कळलं की त्यांच्यात ते ५-अल्फा रिडक्टेज एन्झाइमच कमी आहे, म्हणून डीएचटी कमी. मोठेपणी त्यांचं प्रोस्टेट (मूत्राशयाखालची पुरुषांतली ग्रंथी) लहानच राहायचं आणि टक्कल पडत नव्हतं. मग ते एन्झाइम अडवणारं औषध बनवायचं ठरलं, १९९२ मध्ये अमेरिकेत ५ मिलिग्रॅमची गोळी प्रोस्टेटसाठी आली आणि १९९७ मध्ये १ मिलिग्रॅमची केसांसाठी.

साइड इफेक्ट्सबद्दल नेटवर दोन टोकाचे लोक भेटतात, एक म्हणतात काहीच होत नाही, दुसरे म्हणतात आयुष्य बरबाद होतं. कंपनीच्या स्वतःच्या चाचण्यांत सेक्सशी संबंधित त्रास गोळी घेणाऱ्यांपैकी ३.८ टक्क्यांना झाला आणि खोटी म्हणजे औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांपैकी २.१ टक्क्यांना. म्हणजे बहुतेकांना काही होत नाही, पण काहींना खरंच होतं, आणि गोळी बंद केल्यावरही त्रास राहिल्याच्या तक्रारी आहेत. उदासी, आत्महत्येचे विचार याचीही नोंद झालेली आहे. डिप्रेशन होऊन गेलं असेल तर डॉक्टरांना आधी सांगा, लाजू नका, आणि मूड बदलतोय असं वाटलं तर गोळी थांबवून त्यांना फोन करा, केस गेले खड्ड्यात. मूल होऊ द्यायचा विचार चालू असेल तर तेही बोला. घरात कुणी गरोदर असेल तर तिने फुटलेल्या गोळीला हात लावायचा नाही, पोटातल्या मुलग्याला धोका असतो. रक्तदान करायचं असेल तर गोळी घेतोय हे तिथे सांगा, बऱ्याच ठिकाणी गोळी बंद करून महिना जावा लागतो. आणि पुढे कधी प्रोस्टेटसाठी पीएसए ही रक्ताची टेस्ट केलीत तर या गोळीने तो आकडा साधारण निम्मा दिसतो, तिथेही सांगायला विसरू नका. मी सगळं ऐकून घेतलं, आठवडाभर विचार केला आणि गोळी सुरू केली. माझा मित्र हेच सगळं ऐकून नको म्हणाला आणि फक्त मिनॉक्सिडिल लावतो. त्याचंही काही चुकलं असं मला वाटत नाही.

आता मुद्द्याचं. या औषधांना गुण आला हे ओळखायचं कसं? फिनास्टेराइडच्या चाचणीत २ वर्षांनी केस मोजले तेव्हा गोळी घेणाऱ्यांतल्या १७ टक्के लोकांचे केस कमी झाले होते आणि खोटी गोळी घेणाऱ्यांतल्या ७२ टक्के लोकांचे. हा आकडा नीट वाचा. याचा अर्थ गोळी घेतलेल्या बहुतेकांचे केस होते तेवढे तरी राहिले. काहींचे वाढलेही, पण मुख्य फायदा हा राहण्याचा. आणि माणसाला राहिलेलं दिसत नाही, वाढलेलं दिसतं! विम्यासारखं आहे, काही झालं नाही की हप्ते फुकट गेले असंच वाटतं. औषध बंद केलंत तर कळतं, मिनॉक्सिडिलने टिकलेले केस काही महिन्यांत जातात, फिनास्टेराइडचे साधारण वर्षभरात. बावीस-तेविसाव्या वर्षी सुरू करणाऱ्याला हे कुणीतरी पहिल्या दिवशी सांगायला हवं, की अरे जिंकलास तर दोन वर्षांनी तू आत्ता दिसतोस तसाच दिसशील. पोरं येतात ती शाळेतला फोटो घेऊन, असे केस पाहिजेत म्हणून. तसे नाही होत बहुतेकदा. आणि म्हणूनच लवकर सुरू करण्यात फायदा आहे, कारण जे वाचवायचं ते अजून डोक्यावर असतं, लव झालेला केस परत जाड करणं फार अवघड.

आरशावर विश्वास ठेवू नका. लिफ्टमधला डोक्यावरचा लाइट कुणालाही टकलू करतो, ओले केस पण. मी दर तीन-चार महिन्यांनी एकाच भिंतीसमोर, दिवसाच्या त्याच वेळी, कोरड्या केसांचे चार फोटो काढतो, समोरून, दोन्ही बाजूंनी आणि मान खाली घालून टाळूचा, तेही केस कापल्यावर दोन-तीन दिवसांनी म्हणजे लांबी सारखी. मधल्या काळात बघायचं नाही असा नियम आहे, पाळतो असं नाही, पण आहे. वर्ष व्हायच्या आत निकाल लावायचा नाही.

बाकीचा पसारा पटकन उरकतो. तेलाने केस मऊ होतात, नवीन उगवत नाहीत. टक्कल केल्याने केस जाड येत नाहीत, कापलेलं टोक बोथट असतं म्हणून तसं वाटतं. बायोटिन या व्हिटॅमिनची अंगात कमतरता नसेल तर गोळ्यांचा उपयोग दिसलेला नाही, उलट थायरॉइडसारख्या रक्ताच्या रिपोर्टमध्ये त्याने गडबड होते, टेस्टच्या आधी सांगा. किटोकोनाझोल शाम्पू कोंडा असेल तर चांगला. पीआरपीचे (स्वतःच्याच रक्तातला प्लेटलेट्सचा भाग डोक्यात टोचतात ते) निकाल कुठे बरे कुठे काहीच नाहीत, मी केलं नाही.

ट्रान्सप्लांटबद्दल मात्र घाई करू नका, म्हणजे कळकळीने सांगतो. मागचे केस पुढे लावले की ते मागच्यासारखेच टिकतात, हे नॉर्मन ओरेंट्राइक या अमेरिकन त्वचारोगतज्ज्ञाने १९५० च्या दशकात दाखवलं आणि सगळं ट्रान्सप्लांट त्यावरच उभं आहे. पण मागचा साठा ठरलेला आहे, काढला तिथे परत येत नाही. बाविसाव्या वर्षी सगळा साठा खर्चून कपाळावर सरळ खालची लाइन आखून घेतली आणि त्या लाइनीमागचे तुमचे मूळचे केस जातच राहिले, तर पुढे एक पट्टा आणि मागे रिकामं असं डोकं होतं. ऑपरेशन झाल्यावरही औषध चालू ठेवावंच लागतं, हे जाहिरातीत कधी ऐकलंय? चांगला सर्जन कमी वयाच्या पोराला आधी औषधाने गळती थांबव म्हणून परत पाठवतो. लगेच तारीख देणाऱ्याकडून मी तरी उठून आलो होतो.

आणि ज्याला हे काहीच नको, रोजची गोळी नको, चिकट डोकं नको, त्याने मशीन फिरवावी आणि मोकळं व्हावं. तोही एक इलाजच झाला, सगळ्यात स्वस्त आणि साइड इफेक्ट नसलेला. मला अजून तेवढी हिंमत नाही.

सध्या माझं दिवसातून दोनदा लावण्याचं गणित बिघडायला लागलंय, सकाळचं राहूनच जातं. कमी डोसची मिनॉक्सिडिलची गोळी हल्ली बरेच डॉक्टर देतात, केसांसाठी तिला अधिकृत मंजुरी नसली तरी. पण ती शेवटी बीपीचीच गोळी, पायावर सूज, धडधड, अंगभर केस असं होऊ शकतं, तेव्हा स्वतःच्या मनाने नाही घेणार. पुढच्या भेटीत डॉक्टरांना विचारतो, काय म्हणतात ते इथेच लिहीन.