शनिवारी साडेअकरानंतर

वर्गात तिला 'मह्या' म्हणायचे. दिवाळीनंतर ती आमच्या आठवीत आली. घरी कोण कोण असतं, असं मी पहिल्या दिवशी विचारलं, तेव्हा ती उभी राहून म्हणाली, "मह्या आईबापासंग ल्हाना भाऊ हाय." मागच्या बाकांवर हसू फुटलं. त्या एका शब्दानं तिचं नाव पुसलं.

मी ऊसपट्ट्यातल्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. दसरा झाला की बीडकडच्या ऊसतोड मजुरांच्या टोळ्या उतरतात, शिवाराच्या कडेला त्यांच्या कोप्या, म्हणजे झोपड्या, उभ्या राहतात. त्यातली काही मुलं शाळेत येतात. कुणाकडे गावाकडच्या शाळेनं दिलेलं शिक्षण हमी कार्ड असतं, म्हणजे स्थलांतरातही शिक्षण चालू राहावं म्हणून दिलेला शाळेचा कागद, कुणाकडे काहीच नसतं. वयाप्रमाणे आम्ही त्यांना वर्गात बसवतो. बसवतो खरं, पण शेजारी कोण बसतं, हे मी बरेच दिवस पाहिलं नव्हतं.

बाकावर दप्तर ठेवून जागा अडवायची. खिचडीच्या रांगेत मागून आवाज यायचा, "टोळीला दोनदा वाढा." हे करण्यात मुलगेच होते असं नाही, जास्त करून मुलीच होत्या. महिन्याभरात तिनं बोलणंच सोडलं. हजेरीला नुसता हात वर. मला वाटलं, लाजाळू आहे. ही माझी पहिली चूक.

दुसरी मोठी. कळल्यावर मी परिपाठात सगळ्यांसमोर रागावले. दोन दिवस शांतता होती. तिसऱ्या दिवशी तिची गणिताची वही हौदात सापडली. आता 'मह्या'च्या जोडीला 'चुगलखोर'ही आलं.

आमच्या शाळेत मीना राजू मंच होता, म्हणजे मुलींना मोकळेपणानं बोलता यावं म्हणून शाळेत चालवायचा गट. युनिसेफच्या गोष्टींमधली मीना, तिचा भाऊ राजू आणि मिठू पोपट आमच्या पिढीच्या शिक्षकांना चांगलेच ठाऊक आहेत. मंचाची सुगमकर्ती मीच होते. पण खरं सांगते, २४ सप्टेंबरला मीना दिन साजरा करून फोटो पाठवणं आणि रजिस्टरवर सह्या घेणं, इतकाच तो मंच होता. तो खरोखर चालवायचा, असं मी त्या हौदाशी उभी असताना ठरवलं.

पहिला अडथळा वेळेचा. पाचला शाळा सुटल्यावर थांबा म्हटलं, तर ती दाराशीच घुटमळली. "बाई, सैपाक करायचाय. आई फडातून येईस्तोवर भाकरी व्हाया पाहिजे." गावातल्या मुलींनाही घरची कामं होतीच. म्हणून शनिवार निवडला. सकाळची शाळा साडेअकराला सुटते, त्यानंतर एक तास. पहिल्या शनिवारी सहा मुली आल्या. ती नव्हती. मी तिला बोलवायला माणूस पाठवला नाही, आणि ते बरं केलं असं आज वाटतं.

तक्रारपेटी शाळेत आधीपासून होती, मुख्याध्यापकांच्या खोलीबाहेर. कायम रिकामी. मुलींनाच विचारलं, असं का? एक जण म्हणाली, "बाई, तिथं चिठ्ठी टाकताना आख्खी शाळा बघते." पेटी मुलींच्या स्वच्छतागृहाच्या आतल्या भिंतीवर हलवली. पुढच्या शनिवारी अकरा चिठ्ठ्या निघाल्या. काही डाव्या हातानं लिहिलेल्या, अक्षर ओळखू नये म्हणून. त्या मी घरी नेऊन वाचल्या. रंगावरून, केसांवरून, वडिलांच्या दारूवरून, आखूड झालेल्या गणवेशावरून. सगळ्यात जास्त चिडवणारी म्हणून मी जिला ओळखत होते, तिच्याही घराबद्दल एक चिठ्ठी होती. तिच्याकडे बघण्याची माझी नजर त्या रात्री बदलली.

एक चिठ्ठी वेगळी होती. रस्त्यावर मोठी मुलं पाठलाग करतात, अशी. ती मंचात चर्चेला घ्यायची गोष्ट नव्हती. मार्च २०२२च्या शासन निर्णयानं शाळेत मुलांच्या सुरक्षिततेसाठी सखी सावित्री समिती असावी लागते. त्या समितीपुढे ती चिठ्ठी लगेच ठेवली. पोलीस पाटील स्वतः त्या रस्त्यावर उभे राहू लागले. चाइल्डलाइनचा १०९८ हा नंबर मुलींनी भिंतीवर स्वतःच रंगवला. मंच चालवणाऱ्या बाईंना माझं एवढंच कळकळीचं सांगणं आहे, की गप्पांनी सुटेल ते आणि सुटणार नाही ते, यांत गल्लत करू नका.

बाकीच्यासाठी आम्ही नाटुकली केली. एकीनं चिडवायचं, एकीनं ऐकायचं. मला वाटायचं, ऐकणारीला उत्तर द्यायला शिकवावं. पण दर वेळी ऐकणारी अडखळायची, रडवेली व्हायची. मग सातवीतली एक मुलगी म्हणाली, "तिनं कशाला बोलायचं? आपण तिघी उभ्या हाय की बाजूला." तिथून सगळं फिरलं. बघणाऱ्यांनी काय करायचं, एवढंच आम्ही घोकलं: शेजारी जाऊन बसायचं, विषय बदलायचा, तिला तिच्या नावानं हाक मारायची, आणि सोबत बाईंकडे यायचं. भांडायचं नाही. दर आठवड्याला दोघींवर जबाबदारी असायची, खिचडीच्या रांगेची आणि मधल्या सुट्टीची.

जानेवारीत एका दुपारी रांगेत तेच वाक्य आलं, "टोळीला दोनदा वाढा." जबाबदारीवरची मुलगी आपलं ताट घेऊन तिच्या मागे जाऊन उभी राहिली आणि नाव घेऊन म्हणाली, "आज माझ्याशेजारी बस." बस्स, एवढंच. रांग पुढे सरकली. मी व्हरांड्यातून पाहत होते आणि माझे डोळे भरून आले.

त्याच्या दुसऱ्या शनिवारी ती आली. तासभर गप्प बसली. पुढच्या खेपेला चिठ्ठ्यांचा हिशोब कुणी ठेवायचा असं विचारलं, तर म्हणाली, "मी ठेवते." गाडीचं वजन, टनाचा दर, बापानं आगाऊ घेतलेली उचल किती फिटली, हे सगळं ती तोंडी करायची. आमच्या वहीचं काम तिला सोपंच होतं.

चिडवणं पूर्ण थांबलं नाही. 'मह्या' अधूनमधून कानावर यायचंच. चिडवणाऱ्यांतली ती मुलगी मंचात आली, सोडून गेली, परत आली. तिच्याशी मला अजून पुरतं बोलता आलेलं नाही.

मार्चअखेर कारखान्याचा पट्टा पडला, ऊसतोडीचा हंगाम संपला. ट्रॅक्टर निघायच्या आदल्या दिवशी मी तिला हमी कार्ड भरून दिलं. तिनं हिशोबाची वही माझ्याकडे न देता सातवीतल्या त्या मुलीच्या हातात दिली, आणि कोणत्या रकान्यात काय लिहायचं ते उभ्या उभ्या समजावलं. स्वतःच्या बोलीत. कुणी हसलं नाही.

जूनमध्ये मी तिच्या गावच्या शाळेत फोन केला. तिकडच्या बाई म्हणाल्या, "आली हो. पण मला एक सांगा, ही शनिवारी शाळा सुटल्यावर मुलींना थांबवून ठेवते, ते कशासाठी?"