ठकीनं खाल्लं नाही म्हणून

सकाळी दहाच्या सुमारास अण्णांचा फोन आला, तेव्हा मी दवाखान्यात पार्व्हो झालेल्या एका पिल्लाला सलाईन लावत होते. मी सांगलीत पशुवैद्य आहे. शिरवळच्या कॉलेजातून शिकून आले आणि इथंच दवाखाना टाकला. अण्णा माझे जुने ग्राहक. मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात त्यांनी जन्मभर दिवाणजी म्हणून काम केलं. त्यामुळे फोनवर ते आधी वेळ सांगतात, मग आकडा सांगतात, मग प्रश्न विचारतात. "सात वाजता साखर दोनशे दहा होती, डॉक्टरताई. आता काय करू?" असं त्यांचं बोलणं.

त्या दिवशी मात्र ते म्हणाले, "ती खात नाहीये. ती आपली... ती पांढरी."

मी म्हटलं, "ठकी का?"

पलीकडून बराच वेळ काही नाही. मग म्हणाले, "हां, तीच असेल."

अकरा वर्षं मांडीवर घेऊन बसलेल्या कुत्रीचं नाव माणूस विसरत नाही. मी पिल्लू मदतनिसाच्या हवाली केलं आणि स्कूटर काढली.

ठकी म्हणजे पांढरी स्पिट्झ. आपल्याकडे सगळे तिला पामेरियनच म्हणतात. तिला मधुमेह आहे. गर्भाशय न काढलेल्या वयस्क कुत्र्यांमध्ये तो बऱ्याचदा माजावर येऊन गेल्यानंतर दिसायला लागतो. तिचंही तसंच झालं. घागरभर पाणी पिते, घरात मुततेय, भरपूर खाऊनही वाळत चाललीय, असं सांगत अण्णा तिला घेऊन आले होते. शस्त्रक्रिया केली, पण इन्सुलिन कायमचं मागे लागलं. सकाळी सात आणि संध्याकाळी सात, खाल्ल्यावर लगेच. डोळ्यांत मोतीबिंदूही उतरलाय. मधुमेही कुत्र्यांत तो लवकर येतो. घरात ती आता वासावर आणि अण्णांच्या चपलांच्या आवाजावर फिरते.

सुई टोचायला अण्णांना शिकवलं तेव्हा ते हसले होते. "मला काय शिकवता, मी स्वतःला रोज टोचतो की." त्यांनाही मधुमेह, तोही ठकीपेक्षा कितीतरी जुना. त्यांना मी इन्सुलिनची गोष्ट सांगितली होती. १८८९ मध्ये एका कुत्र्याचं स्वादुपिंड काढल्यावर त्याच्या लघवीत साखर उतरली आणि मधुमेहाचं मूळ सापडलं. मग १९२१ साली टोरंटोत बँटिंग आणि बेस्ट यांनी इन्सुलिन वेगळं केलं, तेही कुत्र्यांवरच्या प्रयोगांतून. अण्णा ठकीकडे बघत राहिले. "म्हणजे मी इतकी वर्षं हिच्या भाऊबंदांच्या जिवावर जगतोय," एवढंच म्हणाले.

एक नियम मात्र मी त्यांच्याकडून पाठ करून घेतला होता. ठकीनं खाल्लं नाही तर सुई द्यायची नाही. आधी मला फोन करायचा. पोटात अन्न नसताना इन्सुलिन गेलं तर साखर घसरते, जनावर लटपटतं, झटके येतात, दगावतंही.

गावभागात अण्णांच्या घरी पोचले तेव्हा दार नुसतं लोटलेलं होतं. ठकी माझ्या वासानं उठली, शेपूट हलवली, पुन्हा बसली. मलूल होती, पण शुद्धीवर होती. अण्णा खुर्चीत. पंखा चालू, बाहेर पाऊस, आणि त्यांचा सदरा पाठीपासून कॉलरपर्यंत घामानं भिजलेला. हात थरथरत होते. मला बघून म्हणाले, "बिल झालं का?"

पिशवीतलं ग्लुकोमीटर बाहेर काढलं. ते यंत्र माणसांचंच असतं. आम्ही ते कुत्र्यांना वापरतो, त्यांच्यात ते साखर जरा कमी दाखवतं एवढं लक्षात ठेवून. नवी सुई लावून अण्णांच्या बोटातून थेंब घेतला. ४६. साखर फारच खाली गेली होती.

गिळता येत होतं, हे नशीब. तीन चमचे साखर पेलाभर पाण्यात विरघळवून घोटघोट पाजली. खालच्या मजल्यावरच्या वहिनींना हाक मारली, १०८ ला फोन लावला, आणि अण्णांच्या डॉक्टरांचा नंबर भिंतीवरच्या कॅलेंडरवर सापडला तो फिरवला. मी माणसांची डॉक्टर नाही, हे त्यांना आधी सांगून टाकलं. त्यांनी पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायला सांगितलं. ७१ आली. वहिनींनी दूध-भाकरी कुस्करून आणली, ती अण्णांनी खाल्ली, आणि खाता खाता त्यांचा चेहरा परत त्यांचा झाला.

"अण्णा, सकाळी काय खाल्लंत?"

"तिनं नाही खाल्लं. मग मी कसा खाऊ?"

"आणि सुई?"

"तिची नाही दिली. तुम्ही सांगितलंय ना."

"तुमची?"

अण्णा गप्प झाले. साडेसातला त्यांनी स्वतःची सुई नेहमीप्रमाणे घेतली होती. मग ठकीसमोर ताटली सरकवत, भात कालवून बोटानं भरवत अडीच तास बसले होते. ओट्यावर त्यांचे स्वतःचे पोहे झाकून ठेवलेले मला दिसले.

टेबलावर ठकीची वही होती. लांबट, लाल पुठ्ठ्याची, खतावणीसारखी आखलेली. तारीख, वेळ, साखर, किती खाल्लं, किती युनिट. एकही दिवस रिकामा नाही. त्याच पानावर उजवीकडे 'स्वतः' असा एक रकाना आखलेला होता. पानंच्या पानं उलटली, त्या रकान्यात कुठं एखादा आकडा, बाकी कोरं. मला त्या कोऱ्या रकान्याचा राग आला, आणि अण्णांवर रागावताही येईना.

१०८ आली. रुग्णालयात एक रात्र देखरेखीखाली ठेवायचं ठरलं, कारण त्यांच्या इन्सुलिनचा असर पुढचे काही तास राहणार होता आणि साखर पुन्हा घसरू शकली असती. इथं खरी अडचण सुरू झाली. अण्णा म्हणाले, दाखल होणार नाही. तिथल्या तरुण डॉक्टरनं शांतपणे समजावलं, मग घाईत समजावलं, मग दाखल व्हायला नकार दिल्याचा कागद पुढे केला. कागदावर सही करायला अण्णा लगेच तयार! मघाशी फॉर्म भरताना 'घरी कोण असतं' असं विचारलं होतं, तेव्हा अण्णा म्हणाले होते, "कुणी नाही." मुलगा बंगळुरूला, काकू जाऊन बरीच वर्षं झाली. मग जरा थांबून म्हणाले होते, "ठकी असते." ते कुणी लिहून घेतलं नव्हतं.

मी विचारलं, "संध्याकाळी सातची सुई, हेच ना?"

"मग काय तर! कोण देणार तिला?"

"मी देते. आज ठकी माझ्या दवाखान्यात राहील."

त्यांनी पेन खाली ठेवलं. माझ्याकडून दोन गोष्टी कबूल करून घेतल्या, तिला फरशीवर झोपवायचं नाही आणि भात गार द्यायचा नाही. मग दाखल झाले.

त्या डॉक्टरला मी दोष देत नाही, त्याच्यामागे रांग होती. पण एका प्रश्नानं जे काम झालं, ते तो विचारला नसता तर झालं नसतं. जनावरापायी दुखणं अंगावर काढणारी म्हातारी माणसं मी सतत बघते. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया पुढं ढकललेली आजी, कारण मांजराला कोण बघणार. खुब्याचं दुखणं लपवणारे काका, कारण मुलगी कुत्रं देऊन टाकायला सांगेल. २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती, तेव्हा कुत्रं घेणार नाही म्हटल्यावर अण्णा पहिल्या बोटीत बसलेच नव्हते. दुसरी आली, तिच्यात दोघं आले.

जनावर म्हाताऱ्या माणसाला सकाळी उठवतं, खाली उतरवतं, चार माणसांशी बोलायला लावतं. हे सगळं खरं आहे आणि रोज दिसतं. अण्णा ठकीमुळेच दिवसातून दोनदा जिना उतरतात, भाजीवाल्याशी वाद घालतात. पण त्याच जनावराची पथ्यं माणूस पाळतो आणि स्वतःची सोडतो, ही बाजूही आम्ही सांगायला हवी. एकट्या राहणाऱ्या आईवडिलांना सोबत म्हणून पिल्लू आणून देणाऱ्या मुलांना मी स्पष्ट सांगते, पिल्लू नको. ते पायांत येतं, पट्टा ओढतं, आणि सत्तरीत पडून खुबा मोडला की पुढचं सगळं अवघड होऊन बसतं. शिवाय ते बारा-पंधरा वर्षं जगणार. शांत, मोठं झालेलं, घराची सवय असलेलं कुत्रं किंवा मांजर बघा. आणि आणण्याआधी, आईला दवाखान्यात ठेवायची वेळ आली तर याला कोण नेईल, ते नाव ठरवा.

ठकीचं न खाण्याचं कारण संध्याकाळी सापडलं. मागची दाढ किडून हिरडीत पू झाला होता. तोंडात असा संसर्ग असला की साखरही आटोक्यात राहत नाही. चार दिवस अँटिबायोटिक देऊन, साखर जरा बसल्यावर दाढ काढली. दुसऱ्या दिवशी ती पातळ भात चाटायला लागली. अण्णांच्या डॉक्टरांनी त्यांच्या सुईची मात्रा कमी केली आणि माझा नंबर त्यांच्या फाइलवर लिहून घेतला. हे मला फार आवडलं. माझ्याही नोंदवहीत आता एक रकाना वाढलाय: मालकांना मधुमेह आहे का, रक्तदाब आहे का, ते नसतील तर कोण येईल. विचारलं की लोक सांगतात. बऱ्याचदा जे मुलांना सांगत नाहीत, तेही सांगतात.

अण्णांसाठी नवा नियम फ्रिजवर चिकटवला: आधी अण्णांनी खायचं, मग ठकीची ताटली भरायची. त्यांना तो पटला नव्हता. "तिच्या आधी जेवायचं म्हणजे..." म्हणाले. तुम्ही पडलात तर तिला सातची सुई मिळणार नाही, असं सांगितल्यावर पटला.

वहिनींचा अकरावीतला मुलगा आता दर शनिवारी संध्याकाळी वर येतो आणि अण्णांच्या देखत ठकीला सुई देतो, हात बसलेला राहावा म्हणून. पहिल्या खेपेला सगळं औषध केसांतच गेलं. या जातीच्या दाट लोकरीत नवशिक्यांचं तसंच होतं. मी त्याला चिमटीत कातडी धरून तंबूसारखी उचलायला आणि तळाशी सुई आडवी घालायला शिकवलं. गेल्या शनिवारी त्यानं एकट्यानं दिली. मग अण्णांनी त्याला वहीत आकडा लिहायला लावला, ठकीचाही आणि उजवीकडच्या रकान्यात त्यांचाही: १३२.