खेड्यात सुवार्ता-कीर्तनाला जाणाऱ्यांसाठी

नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या आडगावांत सुवार्तेला, म्हणजे ख्रिस्ताचा संदेश सांगायला जाणाऱ्या मंडळींना माझे एक आग्रहाचे सांगणे आहे. गाडीभर माणसे, मोठे स्पीकर आणि पत्रकांचे गठ्ठे घेऊन जाऊ नका, कीर्तन घेऊन जा. ही वाट नवी नाही. अमेरिकन मराठी मिशनने 1831 मध्ये अहमदनगरला ठाणे केले आणि सुरुवातीची तीसेक वर्षे बाजारात उभे राहून प्रवचन देण्यात गेली. कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनी ख्रिस्ती कथा कीर्तनाच्या साच्यात बसवली आणि लोक बसून ऐकू लागले. पुढे नारायण वामन टिळकांनी अभंग, पदे आणि भजने इतकी दिली की आजही मराठी ख्रिस्ती मंडळ्यांची (चर्चची) उपासना त्यांच्या शब्दांवाचून होत नाही. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे ते म्हणत. गावातल्या म्हाताऱ्याला हा पूल पायाखालचा आहे, त्यामुळे त्याला वेगळे काही समजावून सांगावे लागत नाही.

आधी वेळ बघा. पाथर्डी, शेवगाव भागातल्या गावांत दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांवर जातात आणि उन्हाळ्यातच परततात. शहरातल्या मंडळीला सोयीची सुट्टी नाताळात असते, म्हणून बहुतेक जण तेव्हाच निघतात आणि गावात म्हातारी माणसे व शाळकरी पोरे भेटतात. अशा गावाला एप्रिलअखेर ते मे बरा. बागायती गावात शेतीपंपाची वीज कोणत्या दिवशी रात्रीची आहे ते विचारून घ्या, कारण त्या रात्री पुरुष बारे धरायला, म्हणजे पिकाला पाणी द्यायला रानात असतात. हरिनाम सप्ताह, गावची जत्रा, एकादशी आणि आठवडी बाजाराचा दिवस टाळा. सप्ताह चालू असताना शेजारी दुसरे कीर्तन मांडणे म्हणजे सरळ पाहुणचाराचा अपमान आहे.

गावात ज्यांची पाच-सात घरे मंडळीत आहेत, त्यांच्या पाळकांना (पास्टरांना) दोन आठवडे आधी कळवा. तुम्ही रात्री निघून जाल, पण सकाळी लोक त्यांच्याच दारात प्रश्न घेऊन येतील. सरपंच आणि पोलीस पाटील यांना समक्ष भेटून कोण, किती जण, कुठे, किती वाजेपर्यंत हे सांगा. ध्वनिक्षेपक लावायचा असेल तर लेखी परवानगी लागते आणि रात्री दहाला तो बंद करावाच लागतो. माझे मत विचाराल तर लावूच नका. दीडशे माणसे अर्धगोलात बसवली तर कमावलेला आवाज शेवटपर्यंत पोचतो. स्पीकर आला की ऐकणारे दूर पारावर उभे राहतात, आणि ज्यांना ऐकायचे नाही त्यांच्याही घरात आवाज घुसतो. भांडणाची सुरुवात बहुधा तिथूनच होते. परदेशी पाहुणे पर्यटक व्हिसावर आलेले असतील तर त्यांना उपदेशाला उभे करू नका, तो व्हिसा त्यासाठी नसतो.

जागेचा प्रश्न सगळ्यांत नाजूक. नगर भागात मिशनचे काम मुख्यतः महार आणि मांग वस्त्यांत वाढले, त्यामुळे जुनी प्रार्थनामंदिरे बहुधा तिथेच आहेत. कीर्तन त्या आवारात ठेवले तर बाकीचा गाव येत नाही. मारुतीच्या पारासमोर ठेवले तर गावाला ते आव्हान वाटते, आणि तसे वाटणे योग्यच आहे. जिल्हा परिषदेची शाळा धार्मिक कार्यक्रमाला मागू नये. मग उरते कोणाचे तरी खळे किंवा घरापुढचे मोकळे अंगण, जिथे गावातला कोणीही माणूस न संकोचता बसू शकेल. मालकाची परवानगी घरच्या बाईसमोर घ्या, म्हणजे सतरंज्या आणि पाणी यांवरून ऐनवेळी ओढाताण होत नाही. जेवण जो घालील त्याच्याकडे जेवा. कोणाच्या घरी जेवलात आणि कोणाच्या घरी टाळलेत, हे सकाळपर्यंत सगळ्या गावाला माहीत असते.

माणसे सहा पुरतात: कीर्तनकार, पेटीवाला, तबलजी, दोन टाळकरी आणि बायकांशी बोलायला एक ताई. पंधरा अनोळखी माणसे गावात उतरली की चौकशी सुरू होते. तबला सुती कापडात गुंडाळून आत ठेवा. दव पडले की पुडी (वरचे कातडे) सैल होते आणि दायाँचा (उजव्या हाताच्या तबल्याचा) सूर उतरतो, म्हणून संध्याकाळी लावून ठेवलेला तबला साडेआठला पुन्हा पेटीशी जुळवून घ्या. पट्टी, म्हणजे गाण्याच्या सुराची उंची, मंडळींना झेपेल अशी ठेवा. कीर्तनकाराचा गळा चढतो म्हणून पट्टी चढवली, तर पालुपदाला फक्त टाळकरीच उरतात.

साडेआठला सुरुवात आणि दहाला समाप्ती, म्हणजे नव्वद मिनिटे. नमनाला पाच, मूळ पद आणि निरूपणाला पंचवीस, मध्यंतराच्या गजराला दहा, आख्यानाला चाळीस, शेवटची प्रार्थना आणि आरतीला दहा. बहुतेक कीर्तने पूर्वरंगात, म्हणजे आख्यानाआधीच्या निरूपणात बुडतात. नवा उपदेशक निरूपणात उत्पत्तीपासून प्रकटीकरणापर्यंत जातो, पाऊणतास निघून जातो आणि आख्यान दहा मिनिटांत उरकते. मूळ पद एक, वचन एक, त्याला जोड म्हणून संतवचन फार तर दोन. संतांचे वचन घेतले तर ते आदराने घ्या आणि अर्थ फिरवू नका. समोर बसलेल्यांपैकी निम्म्यांना पुढची ओळ पाठ असते. गावच्या देवांवर टीका हा तर पूर्वरंगातला सर्वांत मोठा मोह. त्याने दोन-चार टाळ्या मिळतात आणि वस्तीतल्या पाच-सात घरांना पुढे कित्येक महिने त्याची किंमत मोजावी लागते.

आख्यानाला लूकच्या पंधराव्या अध्यायातला उधळ्या पुत्र घ्या. बाप जिवंत असताना धाकट्याने वाटणी मागितली, एवढे वाक्य उच्चारले की अंगणात कुजबुज होते, कारण सातबाऱ्यावरून मोडलेली घरे प्रत्येक भावकीत आहेत. इथे घाई करू नये. बाप काय म्हणाला, थोरला कुठे उभा होता, शेजाऱ्यांनी काय विचारले, हे ओवीत सांगत जा. दूर देशातला दुष्काळ आला की गद्यावर या, दुष्काळाचे वर्णन या जिल्ह्याला दोन वाक्यांत पुरते. डुकरांपुढच्या शेंगांवर पोट भरावेसे वाटणे आणि घराची आठवण येणे हा करुण भाग दिंडीत चांगला उतरतो, नऊ आणि दहा अशा एकोणीस मात्रांची ती ओळ हुंदक्यासारखी मध्ये थांबते. परतीला अभंग. मोठ्या अभंगाचे माप सहा, सहा, सहा, चार अक्षरे, यमक दुसऱ्या-तिसऱ्या चरणाला. उदाहरणादाखल:

बाप उभा वाटे । पाहे दूरवर । लेकराचे घर । राखी नित ॥

अक्षरे मोजून बघा. एक जरी वाढले तरी टाळकरी अडखळतात आणि मंडळी गायची थांबते. बाप धावत गेला, हे दोनदा सांगा, कारण आपल्याकडे वडीलधारा माणूस रस्त्यात धावत नाही. थोरल्या भावाला गाळू नका. तो रानातून येतो, गाण्याचा आवाज ऐकून दाराबाहेर थांबतो आणि बाप त्याची समजूत काढायला बाहेर येतो. तो आत गेला की नाही, हे शुभवर्तमान सांगत नाही, तुम्हीही सांगू नका.

कीर्तनानंतर हात वर करायला लावणे मला मुळीच पटत नाही. पाहुण्याचे मन राखायला खेड्यातला माणूस हात वर करतोच. त्याचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर गेला की दुसऱ्या दिवशी त्याच्या भावकीत बैठक बसते. म्हणून गर्दीचे फोटो नकोत, मुलांचे तर अजिबात नकोत. खाऊ, कपडे, पैसे वाटू नका. आजाऱ्यासाठी प्रार्थना जरूर करा, पण औषध बंद करा असे चुकूनही म्हणू नका. साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्याला उपचारापासून रोखणे हा महाराष्ट्राच्या 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यात गुन्हा आहे. कायद्याच्या आधी ते पापच आहे. शुभवर्तमानाची पुस्तिका फुकट देण्यापेक्षा पाच-दहा रुपयांना विका. विकत घेतलेली पुस्तिका घरात राहते, फुकटची दुसऱ्या दिवशी भेळेच्या गाड्यावर दिसते.

एक प्रश्न हमखास येतो: ‘आमच्या सवलती जातील का?’ याला गोल उत्तर देणारा माणूस गावात नेऊच नका. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा हिंदू, 1956 पासून शीख आणि 1990 पासून बौद्ध यांनाच आहे. ख्रिस्ती झालेल्याला तो राहत नाही. अनुसूचित जमातीला धर्माची अट नाही, त्यामुळे अकोले तालुक्यातल्या ठाकर किंवा महादेव कोळी माणसासाठी उत्तर वेगळे आहे. जातीच्या दाखल्यावर एक आणि रविवारी दुसरे, असे जगण्याचा सल्ला देऊ नका. त्याचा भार शेवटी त्याच्या मुलांवर पडतो. हा नियम अन्यायाचा आहे असे मी मानतो, आणि तसे उघड सांगायला हरकत नाही, पण आधी नियम सांगा.

नंदुरबारकडे जाणाऱ्यांनी हे सगळे जसेच्या तसे उचलू नये. नवापूरकडे मावची, धडगावात पावरी बोलली जाते, पूर्वरंग आणि आख्यान असलेले हे नारदीय कीर्तन तिथले नव्हे. तिथे त्या बोलीतले गाणे रचणारा स्थानिक माणूस पुढे हवा, तुम्ही मागे.

दुसरी फेरी पंधरा दिवसांच्या आत करा. तिला पेटी-तबला नको. पाळक आणि ती ताई एवढे दोघे दुपारी गेले तरी चालेल. बायकांनी पहिल्या रात्री विचारलेले नसते ते त्या दिवशी भाकरी थापता थापता विचारतात, आणि त्या बैठकीला दोन तास तरी हाताशी ठेवा.