तुम्ही विचारलंत म्हणून: अनोळखी मृतदेहाला नाव मिळावं यासाठी घरबसल्या काय करता येतं?

पुण्यात या कामाचा विषय निघाला की हा प्रश्न हमखास येतो: आम्ही पोलिसांत नाही, डॉक्टर नाही, मग हरवलेल्यांचे फोटो आणि अनोळखी मृतदेहांचे फोटो शेजारी ठेवून आमचा काही उपयोग होईल का?

होईल. फक्त सुरुवात फोटोंपासून करू नका. चेहरा सगळ्यात शेवटी बघायचा.

एप्रिल-मेच्या उन्हात पडून राहिलेला देह एक-दोन दिवसांत सुजतो. ओठ, पापण्या फुगतात, कातडी काळवंडते. पोलिसांनी काढलेल्या शोधपत्रिकेतलं (माहितीपत्रकातलं) ‘रंग सावळा, बांधा मजबूत’ हे वर्णन अशा वेळी देह सापडला त्या दिवसाचं असतं, त्या माणसाचं नव्हे. जवळच्या नातेवाइकांनी भलताच देह आपला म्हणून नेला, दहाव्याची तयारी झाली आणि माणूस दारात उभा राहिला, अशा बातम्या अधूनमधून छापून येतात. म्हणूनच इंटरपोलच्या पद्धतीत ओळखीचे मुख्य आधार तीनच आहेत: बोटांचे ठसे, दात आणि डीएनए. गोंदण, कपडे, दागिने, जुन्या शस्त्रक्रिया हे दुय्यम पुरावे. तुमच्या-आमच्या हातात येतात ते हे दुय्यमच, आणि त्यांचा उपयोग ओळख पटवण्यासाठी नसून कुणाचे ठसे आणि कुणाचा डीएनए ताडून बघावा हे सुचवण्यासाठी आहे.

आधी नोंदी समजून घ्या. अनोळखी मयत सापडलं की त्या हद्दीतलं पोलीस ठाणं अकस्मात मृत्यूची नोंद करतं. 1 जुलै 2024 पासून हे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 194 खाली होतं, त्याआधी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम 174 होतं. या नोंदींचे क्रमांक ठाण्याठाण्याचे वेगळे आणि दर वर्षी नव्याने सुरू होतात. त्यामुळे ठाणं आणि वर्ष न लिहिलेला नुसता नंबर कुणाच्याच कामाचा नाही. हरवलेल्या माणसाची ‘मिसिंग’ची नोंद वेगळी असते, बहुतेक वेळा दुसऱ्याच ठाण्यात. दोन्ही प्रकारच्या याद्या महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावर बघता येतात, आणि राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाची देशभरातल्या हरवलेल्यांसाठीची शोधसेवा 2020 पासून नागरिकांना खुली आहे.

पुण्यात खरी अडचण हद्दीची आहे. पुणे शहर, पिंपरी-चिंचवड (2018 पासून स्वतंत्र आयुक्तालय), पुणे ग्रामीण आणि लोहमार्ग पोलीस अशी चार वेगळी दलं इथे एकमेकांना लागून आहेत. खडकवासल्यातून निघालेला कालवा स्वारगेट, हडपसर करत दौंड-इंदापूरकडे जातो. सिंहगड रस्त्यावर पाण्यात पडलेला माणूस काही दिवसांनी ग्रामीणच्या हद्दीत मिळू शकतो. मुठा नदीत पडलेला संगमावरून मुळा-मुठेत आणि पुढे भीमेकडे. पाण्यात बुडालेला देह उन्हाळ्यात लवकर वर येतो, थंडीत उशिरा, म्हणजे जागेबरोबर तारीखही सरकते. रेल्वेचं त्याहून अवघड. लोणावळा ते दौंड यांच्या मध्ये गाडीतून पडलेल्याची मिसिंग बिहारमधल्या एखाद्या ठाण्यात, महिन्याभराने नोंदलेली असू शकते. म्हणून शोध जिल्ह्यापुरता ठेवू नका. नदी, कालवा आणि रूळ जिकडे जातात तिकडे जा.

मग सापडलेल्या देहांचा तक्ता करा. रकाने असे: ठाणे, अकस्मात मृत्यू क्रमांक व वर्ष, सापडल्याची तारीख, ठिकाण, लिंग, वय किमान, वय कमाल, उंची, कपडे, खुणा, वस्तू. उंची सेंटीमीटरमध्येच लिहा. पोलिसांच्या नोंदीत ‘5.4’ म्हणजे 5 फूट 4 इंच, सुमारे 163 सेंटीमीटर, आणि ‘5.10’ असं संगणकाच्या तक्त्यात टाकलं की शेवटचं शून्य उडून 5.1 होतं. एका फटक्यात माणूस 9 इंचांनी बुटका झाला आणि त्याचा खरा जोड, म्हणजे त्याच्याशी जुळणारी मिसिंगची नोंद, कायमचा चाळणीबाहेर गेला. या एका चुकीने जितके जोड हातचे जात असतील तितके दुसऱ्या कशाने जात नसावेत. शिवाय आडव्या मृतदेहाची लांबी जिवंतपणीच्या उंचीपेक्षा दोन-अडीच सेंटीमीटर जास्त भरते, आणि घरचे लोक उंची अंदाजाने सांगतात. उंचीत 5 सेंटीमीटर आणि वयात 10 वर्षं इकडे-तिकडे चालवून घ्या.

जुळणी करताना साम्य मोजत बसू नका, विसंगती शोधा. पन्नाशीचा, मध्यम बांध्याचा, पांढरा शर्ट, कमरेला करदोडा, गळ्यात तुळशीची माळ: आषाढी वारीच्या पालख्या पुण्यात असताना या वर्णनाची हजारो माणसं शहरात असतात. उलट एक पक्की विसंगती सगळं संपवते. देह 12 तारखेला सापडला आणि माणसाला 14 तारखेला चार लोकांनी पाहिलं होतं, तर विषय मिटला. पण इथे ‘मिसिंग नोंदवल्याची तारीख’ घेऊ नका. घरचे आधी पाहुण्यांकडे शोधतात, मग ठाण्यात जातात. नोंद आठवड्याने उशिरा असू शकते. ‘शेवटचं कधी पाहिलं’ ही तारीख धरा. (24 तास थांबल्याशिवाय मिसिंग घेत नाहीत, असा कायदा नाही. हे लोकांना पुन्हा पुन्हा सांगा.) डावं-उजवं मात्र कच्ची विसंगती. पंचनाम्यात चूक होते, आणि मोबाइलच्या पुढच्या कॅमेऱ्याने काढलेला फोटो बऱ्याचदा आरशातल्यासारखा उलटा असतो. फोटोतल्या पाटीवरची अक्षरं, पुरुषाच्या शर्टाची बटणपट्टी, साडीचा पदर कुठल्या खांद्यावर आहे, हे बघून फोटो सरळ आहे का ते ठरवा, मगच गालावरच्या तिळाबद्दल बोला.

खरं सोनं वस्तूंमध्ये आणि शरीरातल्या धातूत असतं. शर्टाच्या कॉलरला शिंप्याचं लेबल असतं, त्यावर दुकान आणि गाव. एसटीच्या तिकिटावर तारीख आणि प्रवासाचा टप्पा. औषधाच्या पट्टीवर बॅच क्रमांक. मोडलेल्या हाडातल्या प्लेटवर कंपनीची खूण आणि लॉट क्रमांक, पेसमेकरवर स्वतःचा सीरियल नंबर. रुग्णालयाच्या केसपेपरवर त्याच नंबरचं स्टिकर चिकटवलेलं असण्याची शक्यता असते. गोंदण तर फार मोलाचं. वरची कातडी सुटली तरी शाई खालच्या थरात असते, कित्येकदा तेव्हाच ती जास्त स्पष्ट दिसते. बेल्जियममधल्या अँटवर्पला 1992 साली सापडलेल्या एका स्त्रीला 2023 मध्ये नाव मिळालं ते इंटरपोलने प्रसिद्ध केलेल्या तिच्या हातावरच्या फुलाच्या टॅटूमुळे. घरच्यांनी ते बातमीत पाहिलं. शोधताना शब्द बदलून बघा: घरचे ‘लुगडं’ म्हणतात, पंचनाम्यात ‘नऊवारी साडी’ असते, ‘अबोली’ रंग एका नोंदीत गुलाबी होतो, दुसरीत केशरी.

‘आधारवरून का नाही कळत?’ हेही नेहमी विचारलं जातं. आधारची पडताळणी आधी नंबर मागते आणि मग ठसा त्या नंबराचाच आहे का एवढं सांगते. शिवाय 2016 च्या कायद्याच्या कलम 29 नुसार ठसे-बुबुळं कुणाला देता येत नाहीत. पोलिसांच्या ठशांच्या संग्रहात मुख्यतः अटक झालेल्यांचे ठसे असतात, शेतमजुराचे कुठून असणार? अमेरिकेत हौशी लोक वंशावळीच्या डीएनए संग्रहांतून नावं शोधतात. आपल्याकडे तसा संग्रह नाही, आणि डीएनए नियमनाचं 2019 चं विधेयक 2023 मध्ये मागे घेतलं गेलं. त्यामुळे थेट नातेवाइकाचा नमुनाच लागतो. आईवडील किंवा मुलं सर्वांत उत्तम, भावंडं चालतात, नवरा-बायकोचा उपयोग नाही. घरच्यांनी दात दिसतील असा हसरा फोटो, जुने एक्स-रे, न धुतलेला कंगवा, ब्रश जपून ठेवावा.

जोड संभाव्य वाटला की एका पानाचं पत्र करा, तपासी अंमलदारांच्या नावे: दोन्ही नोंदींचे क्रमांक, जुळणाऱ्या तीन-चार गोष्टी, न जुळणाऱ्या सगळ्या गोष्टी, आणि कुठल्या तपासणीने निकाल लागेल. ‘उजव्या मांडीतली प्लेट, एक्स-रे घरी आहे’ हे वाक्य दहा फोटोंपेक्षा जड आहे. पत्र दोन्ही ठाण्यांना पाठवा आणि पोच ठेवा. कुटुंबाला फोन करू नका, कधीही. ज्या आईने चार वर्षं आशा धरली आहे, तिला अंदाजाच्या आधारे ससून रुग्णालयाच्या शवागाराकडे धाडण्याचा अधिकार आपल्याला नाही. मृताचा फोटो व्हॉट्सॲपवर फिरवू नका. खुणांचं वर्णन पुरतं. घरच्यांचा मोबाइल नंबर तर कुठेच टाकू नका, ‘तुमचा माणूस आमच्याकडे आहे, पैसे पाठवा’ म्हणणारे त्याचीच वाट बघत असतात.

उत्तर बहुतेक वेळा ‘जुळत नाही’ असं येईल. ते तक्त्यात लिहा: कोणाशी, कोणत्या तपासणीने, कोणत्या तारखेला. दुसरा कुणी तोच जोड पुन्हा सुचवू लागला तर त्याला हा रकाना दाखवा, म्हणजे त्याच देहासाठी त्याच घरच्यांना रक्त द्यायला दुसऱ्यांदा बोलावलं जाणार नाही.